वासिली शुक्शिन: नट, दिग्दर्शक आणि कथाकार

रशियन सिनेमा म्हटलं की आपल्याकडे आयझेनस्टाइन आणि तारकोव्हस्की ही दोन नावं लगेच निघतात. शुक्शिनचं नाव क्वचितच कुणी घेतं, याची मला मनापासून खंत आहे.

जन्म 1929, सायबेरियाच्या अल्ताई भागातलं स्रोस्तकी गाव. सामूहिक शेतीच्या धरपकडीत 1933 साली वडिलांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे मजुरी, नौदल, गावातल्या शाळेत मास्तरकी, आणि 1954 मध्ये मॉस्कोच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिखाईल रोम यांच्या हाताखाली दिग्दर्शनाचं शिक्षण. तारकोव्हस्की त्याच वर्गात होता!

1974 चा ‘कालिना क्रास्नाया’ हा त्याचा सर्वोत्तम सिनेमा. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, तिन्ही त्याचंच. तुरुंगातून सुटलेला येगोर वर्षानुवर्षांनी आईच्या घरी जातो, पण काळा चष्मा लावून गप्प बसतो, ओळख देत नाही. त्याच्यासोबत आलेली त्याची मैत्रीण ल्युबाच म्हातारीशी बोलत राहते. ही आई म्हणजे कुणी कसलेली नटी नव्हे, खेड्यातली खरीखुरी आजी. ती स्वतःचीच कहाणी सांगते. बाहेर पडल्यावर येगोर जमिनीवर कोसळून हंबरडा फोडतो. इतका उघडा अभिनय मी फार थोड्या सिनेमांत पाहिलाय. ल्युबाची भूमिका शुक्शिनच्या पत्नीनं, लिदिया फेदोसेयेवा-शुक्शिना हिनं केली आहे.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, दिग्दर्शक बोंदारचुकच्या युद्धपटाचं शूटिंग चालू असताना शुक्शिन गेला. वय अवघं 45. त्या सिनेमात त्याचा आवाज दुसऱ्या नटाला द्यावा लागला.

‘कालिना क्रास्नाया’ सबटायटल्ससह मिळाला तर चुकवू नका. आणि पाहिला असेल तर कसा वाटला ते जरूर लिहा.