डिंक न लावता केलेली खेळणी

शाळेतल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेसाठी घरोघरी काय बनतं, हे पालकांना ठाऊक असतं. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांची फुलदाणी, बाटलीचा पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम. त्यावर भरपूर डिंक, चमकी आणि रंग. बक्षीस मिळो न मिळो, महिनाभरात त्या वस्तू धूळ खात पडतात आणि शेवटी कचऱ्यातच जातात. रद्दीवाल्याने किलोवर घेतला असता तो कागद आता डिंक आणि चमकी लागल्यामुळे त्यालाही नकोसा होतो.

घरातल्या टाकाऊ वस्तूंमधून मुलांसाठी काही करायचंच, तर दोन कसोट्या लावून पाहाव्यात. केलेली वस्तू हलली, फिरली किंवा वाजली पाहिजे. आणि ती शक्यतो डिंकाशिवाय जोडलेली असावी, म्हणजे सोडवता येईल. हलणारी वस्तू मूल पुन्हापुन्हा हातात घेतं, आणि सोडवता येणारी वस्तू उघडून ती कशी चालते हे बघतं. खाली दिलेली चारही खेळणी या दोन कसोट्यांवर उतरतात.

आधी सामान

एका खोक्यात हे जमवत राहा: एका बाजूने कोरे कागद, जुन्या वह्यांची पानं, रिकाम्या काडेपेट्या आणि लाकडी काड्या, खराट्याचे हीर, रबरबँड, फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या, सुटे नट, दोरा. विकत आणायची वस्तू एकच: सायकलची व्हॉल्व ट्यूब, म्हणजे पंक्चरच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी नळी. हातभर तुकडा खूप झाला. फुटकी काच, औषधांच्या बाटल्या, सुया-सिरिंज, गळके सेल आणि ट्यूबलाइट या खोक्यात कधीच येता कामा नयेत. भोकं पाडणं आणि ब्लेड चालवणं हे काम मोठ्यांचं.

भिरभिरं: पाच मिनिटांचं काम

साध्या कागदाची २० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. वरच्या टोकापासून बरोबर मधोमध ९ सेंटिमीटर खोल उभा काप द्या. हे झाले दोन पंख. काप जिथे संपतो त्याच्या एक सेंटिमीटर खाली दोन्ही कडांकडून आत दोन-दोन सेंटिमीटरचे आडवे काप द्या. त्याखालचे दोन्ही भाग मध्यावर एकावर एक दुमडले की अरुंद दांडी तयार होते. दांडीचं टोक एक सेंटिमीटर वर दुमडून त्यात कागदाला लावायची एक क्लिप अडकवा. आता एक पंख पुढे आणि दुसरा मागे दुमडा. खुर्चीवर उभं राहून भिरभिरं सोडलं की ते गरगरत खाली येतं.

ते फिरतं कशामुळे? खाली पडताना हवा दोन्ही पंखांना खालून ढकलते आणि पंख थोडे वर वाकतात. वाकलेल्या पंखावर हवेचा धक्का फक्त वरच्या दिशेने राहत नाही, थोडा आडवाही बसतो. पुढे दुमडलेला पंख मागच्या बाजूला रेटला जातो, मागे दुमडलेला पुढच्या बाजूला. हे दोन उलट धक्के एका रेषेत नसतात, दांडीच्या उजव्या-डाव्या बाजूंना असतात. म्हणून भिरभिरं गोल फिरू लागतं.

मुलाला हे सांगायच्या आधी त्याला दोन गोष्टी करून बघू द्या. पंख उलट बाजूंना दुमडले की फिरण्याची दिशा बदलते. पंख कापून निम्मे केले की भिरभिरं लवकर खाली येतं. क्लिप काढली तर काय होईल, हे आधी त्याच्याकडून वदवून घ्या आणि मगच काढा.

काड्या आणि व्हॉल्व ट्यूब

या खेळाचं श्रेय अरविंद गुप्तांचं. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनीअर होऊन ते पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करत होते. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते १९७८ मध्ये रजा घेऊन गेले. खेड्यातल्या शाळांना महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. आठवडी बाजारात जे मिळतं त्यातून काय शिकवता येईल, या शोधात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची ही नळी एकत्र आली. पुढे अनेक वर्षं पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या, मुलांसाठी असलेल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांसमोर केली आणि मुलांकडून करवून घेतली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती अशी. काड्यांच्या टोकांचा गुल पातीने खरवडून टाका. व्हॉल्व ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सरकवा, मध्ये थोडी मोकळी जागा राहू द्या. हा झाला वाकणारा सांधा. तीन काड्या आणि तीन तुकडे घेतले की त्रिकोण, चार-चार घेतले की चौकोन.

आता दोन्ही आकार हातात धरून दाबा. चौकोन लगेच कलंडतो, तिरपा होतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही, कारण त्याच्या तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. आकार बदलायचा तर एखादी काडी मोडावी तरी लागेल किंवा सांधा सुटावा तरी लागेल. चौकोनाच्या चारही बाजू तशाच ठेवून कोन मात्र हवे तेवढे बदलता येतात.

कलंडणारा चौकोन ताठ करायचा असेल, तर समोरासमोरच्या दोन सांध्यांच्या मधोमध सुईने भोक पाडा आणि त्यांत एक तिरपा हीर बसवा. त्याची लांबी बाजूच्या साधारण १.४ पट लागते. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले की तो हलायचं बंद होतं. यानंतर मुलाला रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचा मनोरा किंवा पत्र्याच्या छपराखालची कैची दाखवा. तिथे सगळीकडे त्रिकोण का आहेत, हे ते स्वतःच सांगेल.

पुढची पायरी उंचीची. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना मधोमध भोकं पाडून प्रत्येकात एक काडी उभी करा आणि वरची तीन टोकं तीन तोंडांच्या सांध्यात एकत्र आणा. हा सांधा करायला नळीच्या तुकड्याला मध्ये भोक पाडून त्यात तिसरी काडी घालायची. सहा काड्यांचा हा मनोरा बोटांनी दाबला तरी चेपत नाही. बारा काड्यांचा घन करून बघितला तर तो मात्र डुलत राहतो.

परत येणारा डबा

हा थोड्या मोठ्या मुलांसाठी. प्लॅस्टिकच्या बरणीच्या बुडाला आणि झाकणाला बरोबर मध्यावर भोक पाडा. बरणीच्या उंचीपेक्षा थोडा आखूड रबरबँड घ्या. त्याच्या मध्यावर दोन-तीन नट दोऱ्याने घट्ट बांधा. ते रबरापासून सेंटिमीटरभर खाली लोंबले पाहिजेत, पण बरणीला टेकता कामा नयेत. रबराचं एक टोक बुडाच्या भोकातून बाहेर ओढून त्यात काडीचा तुकडा अडकवा. दुसरं टोक झाकणातून काढून तसंच करा. काड्या फिरू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा चालेल. तो नंतर निघतो. झाकण लावा.

बरणी आडवी ठेवून जमिनीवर ढकला. ती थोडी पुढे जाते, थांबते आणि परत तुमच्याकडे येते. ज्याला आत काय आहे ते माहीत नाही, त्याला ही जादू वाटते.

बरणी गडगडते तेव्हा रबराची दोन्ही टोकं तिच्याबरोबर फिरतात. मधलं वजन मात्र खाली लोंबतच राहतं, ते फिरत नाही. त्यामुळे रबराला दोन्ही बाजूंनी पीळ बसत जातो आणि ढकलताना दिलेला जोर त्या पिळात साठतो. बरणी थांबली की पीळ उलगडू लागतो आणि तिला मागे फिरवतो. चावीची खेळणी आणि चावीची घड्याळं याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यांत रबराच्या जागी स्प्रिंग असते.

डबा परत आला नाही, तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं. वजन कमी असेल तर तेही बरणीबरोबर गोल फिरतं, मग पीळ बसत नाही: आणखी नट बांधा. नट बरणीला घासत असतील तर दोरा आखूड करा. फरशी गुळगुळीत असेल तर बरणी घसरते: तिच्या बाहेरून दोन रबरबँड चढवा. चूक कुठे आहे, ते मात्र मुलालाच शोधू द्या.

कोयीची पिपाणी

सगळ्यात स्वस्त खेळणं पावसाळ्यात उकिरड्यावर सापडतं. कोंब फुटलेली आंब्याची कोय घ्या, कठीण कवच काढा आणि आतली मऊ बी धुऊन घ्या. तिचं एक टोक दगडावर तिरपं घासा, म्हणजे दोन दळांमधली फट उघडी पडेल. तिथे फुंकर मारली की दोन्ही दळं थरथरतात आणि पिपाणी वाजते. सनईच्या तोंडाशी असलेल्या पात्याही अशाच थरथरून आवाज काढतात. महाराष्ट्रात ही पिपाणी पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे आणि तिच्यासाठी आंबा खाण्यापलीकडे काही खर्च नाही.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या हातातून कात्री घेऊन खेळणं स्वतः ‘नीट’ करून देऊ नका. त्याचं भिरभिरं वाकडं झालं तरी फिरतं आणि डबा नाही परत आला तर पुन्हा उघडता येतो. खेळून झालं की काड्या, रबर आणि नट सुटे करून खोक्यात टाकायला लावा. पुढच्या रविवारी त्याच सामानातून ते काहीतरी वेगळं करील.