ऐरणही वाजवूनच घ्यावी

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या लोहारांच्या भट्ट्यांना उसंत नसते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघायच्या असतात, आणि नवरा-बायकोची जोडीच जिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, तिथे हातातला कोयता बोथट ठेवून भागत नाही. हा कोयता बहुतेक वेळा गाडीच्या कमानीच्या पाट्यातून घडतो. पाटा भंगारात मिळतो, कोळसा मिळतो, भात्याच्या जागी पंखा आला. अडतं ते ऐरणीपाशी. नवी, चांगली ऐरण परवडत नाही म्हणून नव्यानं भट्टी मांडणारा जुनी शोधतो. भंगाराच्या दुकानात तीही किलोवर तोलली जाते आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. ऐरणीची किंमत वरच्या बोटभर जाडीत असते. खालचं धूड फक्त तिला आधार देतं.

जुन्या विलायती ऐरणींचं अंग घडीव, मऊ लोखंडाचं असे आणि त्यावर साधारण अर्ध्या इंचाची पोलादी पाटी जोडून तिला पाणी दिलेलं असे. घणाचा मार झेलते ती ही पाटी. काही ऐरणी सबंध पोलादाच्या ओतीव असतात, त्याही उत्तम. भीती आहे ती बिडाच्या ऐरणीची. रंग मारला की ती अगदी तशीच दिसते, पण घाव बसला की तोंडाला खड्डा पडतो नाहीतर कोपरा उडतो.

म्हणून मडक्यासारखी ऐरणही वाजवून घ्यावी. ती लाकडी ओंडक्यावर मोकळी ठेवायला सांगा, साखळी किंवा बोल्ट असेल तर काढायला लावा, कारण त्यानं आवाज दबतो. मग छोट्या हातोडीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके टोले देत जा. सगळीकडे खणखणीत वाजली तर छान. मध्येच एका जागी ‘थद्द’ आवाज आला, तर तिथे पाटी अंगापासून सुटली असण्याची किंवा आत तडा असण्याची शक्यता मोठी. मात्र निव्वळ आवाजावर निकाल देऊ नये. बिडाचं अंग आणि पोलादी तोंड अशा काही चांगल्या अमेरिकी ऐरणी मुळातच मुक्या असतात.

जास्त भरवशाची परीक्षा बेअरिंगच्या गोळीची. गॅरेजमध्ये मागितली तर सहज मिळते. पट्टी उभी धरून १० इंचांवरून गोळी तोंडावर सोडायची आणि ती किती उसळते ते पाहायचं. ७-८ इंचांपर्यंत परत आली तर तोंड कडक आहे. ३-४ इंचांत बसली तर बीड तरी आहे किंवा पोलादाचं पाणी उतरलेलं आहे. आगीत सापडलेल्या ऐरणीचं असंच होतं. बाहेरून काही कळत नाही. गोळी एकाच जागी टाकून थांबू नका. मधला भाग, कडा, टोकं, सगळीकडे टाका. घण उसळला की पुढचा घाव उचलायला सोपा जातो. मऊ तोंडावर दिवसभर ठोकणाऱ्याचा खांदा हा फरक सांगतो.

कानशीनंही कळतं. कोपऱ्यावर हलकी फिरवली आणि ती घसरली तर तोंड कडक, लोखंड खाऊ लागली तर मऊ. पोलादी पट्टी आडवी धरून तोंडाचा झोळ बघा. थोडा झोळ आणि किंचित उडालेल्या कडा चालतात. तोंड आरशासारखं सपाट, नवंकोरं दिसलं तर मात्र सावध व्हा. ग्राइंडर मारून पाटीच पातळ केलेली असू शकते, किंवा वेल्डिंगनं खड्डे भरून वर रंग दिलेला असतो.

इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर कधी कधी तीन आकडे कोरलेले दिसतात. ते किलो नव्हेत. पहिला ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० म्हणजे १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. काट्यावरचा आकडा याच्याशी जुळतो का, तेही पाहावं.

आणि शिंगासारखं निमुळतं टोक नसलं म्हणून चांगली ऐरण सोडू नये. गावोगाव हिंडणारे घिसाडी जमिनीत पुरलेल्या चौकोनी ठोकळ्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत आले. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो, समोर उभी बायको घण घालते आणि ठोकळा हलत नाही. कोयत्याच्या कामाला घट्ट बसलेलं, कडक, सपाट तोंड पुरतं. शिंग लागतं ते कडी-वाळ्याच्या कामाला. मला विचाराल तर रंगवलेल्या बिडाच्या ऐरणीपेक्षा उभा पुरलेला रुळाचा तुकडा कधीही बरा. उभा ठेवल्यानं सगळं वजन घावाच्या खाली येतं.

मात्र रूळ घेताना बिल मागा, आणि ते जपून ठेवा. रेल्वेच्या चोरीच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.