आधी नक्कल, मग वाटणी

‘सी ड्राइव्ह लाल झालाय, जरा मोठा करून द्या.’ घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य नवं नसतं. सांगलीतल्या ज्या घरातून ते या वेळी आलं, तिथल्या बाई एका खोलीत डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका. मशीन जुनं, हार्ड डिस्क ५०० जीबीची. विकताना कोणीतरी तिचे दोन भाग करून दिलेले: सी ला १०० जीबी आणि उरलेलं सगळं डी ला. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डरं मुळात सी मध्येच असतात, हे त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे सगळं काम सी मध्ये साठत गेलं आणि डी जवळजवळ मोकळाच राहिला.

काम सोपं वाटत होतं. पण आलेल्या तरुणाने पेटी उघडण्याआधी तिच्याजवळ कान नेला. मोठी फाइल उघडताना आतून मधूनच ‘टक्’ असा आवाज येत होता आणि माउस तेवढा वेळ गोठत होता.

‘ताई, आज जागा वाढवायची नाही. आज फक्त डेटा उचलायचा.’

‘दादा, उद्या सकाळी प्रेसला फाइल द्यायचीय हो!’

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. स्मार्ट या नावाने ओळखली जाणारी ती यादी कोणत्याही साध्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. अनुभवी माणूस त्यातल्या दोन-तीन ओळींवरच बोट ठेवतो. ५ क्रमांकाची ओळ सांगते, खराब झाल्यामुळे किती सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, बदलून राखीव जागेत नेले. १९७ क्रमांकाची ओळ सांगते, किती सेक्टर वाचताच येत नाहीत आणि निकालाची वाट पाहत पडून आहेत. या डिस्कवर दोन्हीकडे शून्य नव्हतं. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करणारी आहे. मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी या यादीत आधी काहीच सुगावा दिला नव्हता. म्हणजे यादी वाईट सांगत असेल तर विश्वास ठेवावा, चांगलं सांगत असेल तर ठेवू नये.

अशा डिस्कवर पार्टिशन सरकवणं का टाळायचं? सी च्या उजव्या हद्दीला लागून डी सुरू होतो. सी वाढवायचा तर डी ची सुरुवातच पुढे न्यावी लागते. हे शेतातला बांध सरकवण्यासारखं आहे, फक्त इथे शेजारच्या वावरातलं उभं पीकही मुळासकट उपटून पुढे लावावं लागतं. एकेक सेक्टर वाचायचा आणि पुढच्या जागी लिहायचा, असं तासन् तास. मध्ये वाचता न येणारा सेक्टर आला किंवा वीज गेली, तर अर्धा डी जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी डावीकडून आकसण्याची सोयच नाही. व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणारे म्हणूनच बाहेरचं सॉफ्टवेअर घेतात आणि आजारी डिस्कवरच ते चालवतात. ‘चेकडिस्क मारून बघा’ हा सल्लाही असाच. चेकडिस्क दुरुस्तीच्या नादात त्या डिस्कवर लिहितो, आणि तिला त्या क्षणी नको असतं ते नेमकं लिहिणं.

विंडोज नुसतं चालू केलं तरी ते लिहितच राहतं: पेज फाइल, नोंदी, अपडेट. म्हणून तरुणाने मशीन पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केलं. सिस्टमरेस्क्यू हे त्यासाठीचंच मोफत लिनक्स. जुनी डिस्क त्याने ‘फक्त वाचा’ या अटीवर जोडली, प्रेसला जाणारं फोल्डर आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. नियमाने बघायला गेलं तर आधी पूर्ण नक्कल, मग फाइली. पण डिस्कने उद्या डोळे मिटले तर उद्याचं काम तरी वाचावं, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

मग खरं काम. १ टीबीची नवी एसएसडी जोडली आणि डीडीरेस्क्यू सुरू झाला. आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमची हुशारी त्याच्या क्रमात आहे. साधी कॉपी खराब सेक्टरपाशी अडकते आणि तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू अडला की पुढे उडी मारतो, चांगला भाग आधी घेतो. मग खराब पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडतो, आणि आतला एकेक सेक्टर सर्वात शेवटी. कुठे काय मिळालं याचा नकाशा तो एका छोट्या फाइलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे मध्येच बंद पडलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. ही नकाशा-फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी लागते. मशीनच्या मेमरीत राहिली तर वीज जाताच तीही जाते.

एंटर दाबण्याआधी तरुणाने दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे सिरियल नंबर पडद्यावरच्या नंबरांशी पुन्हा ताडून पाहिले. लिनक्स एका डिस्कला एसडीए म्हणतं, दुसरीला एसडीबी. एका अक्षराची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग वाचवण्यासारखं काही उरत नाही.

बराचसा भाग दोनएक तासांत आला. उरलेल्या काही एमबींनी रात्र खाल्ली. आवाज सतत ‘टक् टक्’ येऊ लागला असता आणि डिस्क ओळखूच आली नसती, तर त्याने तिथेच थांबून ती धूळमुक्त प्रयोगशाळेकडे धाडली असती. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. झाकण घरी उघडणं म्हणजे डिस्क स्वतःच्या हाताने मारणं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपायही तसलाच, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

सकाळी जुनी डिस्क काढून कपाटात गेली. पुढची प्रत्येक गोष्ट नकलेवर. न मिळालेल्या सेक्टरांच्या जागी डीडीरेस्क्यूकडून एक ठरावीक खुणेचा मजकूर भरून घेता येतो. मग तीच खूण सगळ्या फाइलींत शोधली की कोणत्या फाइलींना भोक पडलंय ते कळतं. तसं शोधल्यावर सापडल्या विंडोजच्या काही फाइली, एका जुन्या स्मरणिकेतले फोटो आणि एक फाँट.

फाँट ऐकून बाईंचा चेहरा उतरला. त्यांचं जुनं काम श्रीलिपीत आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं मराठी छपाईचा कणा होतं. त्या काळच्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाइल शाबूत आणि फाँट गायब, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन चिन्हांचा पाला दिसतो. म्हणून डीटीपीवाल्यांच्या मशीनमधून डेटा काढताना सी मधलं फाँट्सचं फोल्डरही उचलायचं असतं. ‘फॉरमॅट मारून देतो, डी सुरक्षित आहे’ म्हणणारे ते हमखास विसरतात. बाईंचा फाँट मूळ सीडीवरून परत मिळाला. फोटो मिळाले नाहीत.

सी मोठा करण्याचं मूळ काम सर्वात शेवटी आणि सर्वात कमी वेळात झालं. नव्या डिस्कवर शेवटी निम्मी जागा मोकळी होती. पार्टिशन बदलणारा जीपार्टेड हा प्रोग्रॅम ते सरकवताना आतली रिकामी जागाही ओढत नेतो, म्हणून आधी डी आकसला, मग उजवीकडे नेला आणि मोकळी झालेली जागा सी ला जोडली. हिरवी खूण दाबेपर्यंत जीपार्टेड काहीच करत नाही, कामांची नुसती रांग लावतो. ती रांग तरुणाने बाईंना वाचून दाखवली, मशीन इन्व्हर्टरवर असल्याची खात्री केली आणि मगच खूण दाबली.

ज्यांच्याकडे विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आहे, त्यांनी मात्र एक गोष्ट आजच पाहावी. अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून राहते. ती कागदावर उतरवून ठेवा. डिस्क बिघडल्यावर किल्ली नसेल, तर सेक्टर न् सेक्टर उचलून आणला तरी त्यातली एकही फाइल उघडत नाही.