कोकोचा आनंद : किती खरा, किती पाकिटावरचा?

कोकोचे बी मुळात कडू असते. साखर, दूध आणि लोणी यांच्या संगतीत ते चॉकलेट होते आणि मग त्याचा कडवटपणा विस्मरणात जातो. गेल्या काही वर्षांत मात्र हाच कडवटपणा गुण म्हणून विकला जाऊ लागला आहे. हुबळीच्या देशपांडे नगरातील किराणा दुकान असो वा मडगावातील सुपरमार्केट, ‘नैसर्गिक कॅकाओ’ असे लिहिलेली पाकिटे आता सर्वत्र आढळतात. हृदयाला बळ, रक्तदाबावर नियंत्रण आणि मनाला उभारी, अशी आश्वासने त्यांवर छापलेली असतात.

या आश्वासनांत तथ्य आहे. परंतु ते सर्वच दाव्यांमागे सारखे नाही. रक्तवाहिन्यांवरील परिणामाचा पुरावा बराच भक्कम आहे, मनावरील परिणामाचा पुरावा तुलनेने पातळ आहे आणि दोन्ही लाभ बियांवर कोणती प्रक्रिया झाली यावर अवलंबून आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वा दीर्घकाळ उदास असलेल्या माणसाने हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

माडापोफळींच्या सावलीतील पाहुणा

कोको हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील झाड. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ मध्ये त्याला ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. त्याचा ग्रीक अर्थ ‘देवांचे अन्न’. या झाडाला दमट हवा आणि अर्धी सावली मानवते. म्हणूनच भारतात त्याची स्वतंत्र शेते क्वचितच दिसतात. माड व पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून ते वाढते. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू ही त्याची प्रमुख राज्ये होत. गोव्याच्या कुळागरांत मिरी, जायफळ आणि केळीच्या शेजारी कोकोचे झाडही तग धरू शकते, याचे कारण हेच.

हुबळी-धारवाडच्या पठारी हवेत कोको जोम धरत नाही. पण घाट उतरून दक्षिण कन्नडकडे गेले की चित्र पालटते. तेथील मंगळूर शहरात १९७३ मध्ये कॅम्पको ही सुपारी व कोको उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. १९८० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले आणि बागायतदारांच्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा ही संस्था खरेदीत उतरली. पुढे १९८६ मध्ये पुत्तूर येथे तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू झाला. ज्या पदार्थाला आपण परदेशी समजतो, त्याचा मोठा सहकारी संसार आपल्या शेजारच्या राज्यात गेली चार दशके चालू आहे.

बीपासून भुकटीपर्यंत

कोकोचे फळ थेट खोडावर व जाड फांद्यांवर लागते. ते फोडले की पांढऱ्या, आंबटगोड गरात गुरफटलेल्या बिया मिळतात. या ओल्या बिया पाच ते सात दिवस ढिगात वा पेटीत आंबवल्या जातात. चॉकलेटचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्याचा पाया या आंबवण्यात घातला जातो. त्यानंतर बिया उन्हात वाळवतात, भाजतात, टरफल काढतात आणि दळतात. बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असल्याने दळताना कोरडे पीठ न होता दाट लगदा तयार होतो. तो दाबून लोणी वेगळे काढले की उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे कोको पावडर.

नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात या भुकटीवर अल्कलीची प्रक्रिया रूढ केली. तिच्यामुळे रंग गडद होतो, कडवटपणा व आंबटपणा कमी होतो आणि भुकटी दुधात सहज मिसळते. चवीला झालेला हा लाभ आरोग्याला मात्र महाग पडतो. कोकोच्या बहुतेक गुणांचे श्रेय ज्यांना दिले जाते, ती फ्लॅव्हनॉल नावाची संयुगे या प्रक्रियेत मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत प्रक्रिया न केलेल्या भुकटीत प्रतिग्रॅम सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल आढळले, तर तीव्र अल्कली प्रक्रिया झालेल्या भुकटीत केवळ ३.९ मिलिग्रॅम.

‘कॅकाओ’ आणि ‘कोको’ या शब्दांतील फरकाचा बाजारात बराच गाजावाजा होतो. झाड एकच आणि बीही एकच. साधारणतः कमी तापमानावर तयार केलेल्या मालाला ‘कॅकाओ’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण केवळ त्या शब्दावरून दर्जा सिद्ध होत नाही. अल्कली प्रक्रिया झाली आहे की नाही, हे घटकांच्या यादीत पाहणे अधिक उपयोगाचे.

हृदयाला काय लाभते?

फ्लॅव्हनॉलांमुळे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते. हा वायू वाहिन्यांना सैल होण्याचा संदेश देतो, त्या थोड्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह सुकर होतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये, रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल घेतल्यास रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकण्यास मदत होते, हा दावा ग्राह्य मानला.

रक्तदाबावरील परिणाम मात्र माफक आहे. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१७ मध्ये ३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात रक्तदाब सरासरी दोन अंकांपेक्षाही किंचित कमीच उतरल्याचे दिसले. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त होता, त्यांच्यात ही घट अधिक होती. आहार, चालणे आणि मीठ कमी करणे यांच्या जोडीला ही घट स्वागतार्ह आहे. औषधाची जागा घेण्याइतकी ती नाही.

या विषयावरील सर्वांत मोठी चाचणी ‘कॉसमॉस’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत २१,४४२ ज्येष्ठ नागरिकांवर सुमारे साडेतीन वर्षे चाललेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी आढळले. तथापि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आदी सर्व घटनांची एकत्रित संख्या हा जो चाचणीचा मुख्य निकष होता, त्यात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम फरक दिसला नाही. शिवाय या लोकांनी चॉकलेट खाल्ले नव्हते. त्यांना अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या आणि चाचणीला चॉकलेट उद्योगातील कंपनीचे साहाय्य होते. निष्कर्ष आशादायक आहे, अंतिम नाही, असेच म्हणावे लागेल.

मनाला काय लाभते?

कोकोत मनावर परिणाम करू शकणारी अनेक द्रव्ये आहेत. त्यांतील मुख्य थिओब्रोमिन. ते चहा-कॉफीतील कॅफिनचे भावंड होय. पण त्याचा परिणाम अधिक सौम्य असतो. कॅफिनही अल्प प्रमाणात असते. यांमुळे मरगळ झटकली जाते आणि सावधपणा येतो. मज्जासंस्थेच्या कार्यास आवश्यक असलेले मॅग्नेशियमही कोकोत विपुल आहे. पाच ग्रॅमचा एक चमचा भुकटी सुमारे २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम देते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असल्याने हा वाटा लहानच आहे.

मराठी वाचकाला कुतूहल वाटावे असे एक द्रव्य म्हणजे आनंदामाइड. मानवी मेंदूतच तयार होणारा हा रेणू १९९२ मध्ये जेरुसलेम येथे राफेल मेशुलम यांच्या चमूने शोधला आणि त्याचे नाव संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून ठेवले. १९९६ मध्ये तो चॉकलेटमध्येही सापडला आणि ‘चॉकलेटमध्ये आनंदाचा रेणू’ अशी वार्ता जगभर पसरली. प्रत्यक्षात त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की खाण्यातून मेंदूवर परिणाम होण्याचा संभव फार थोडा. ‘प्रेमाचे रसायन’ म्हणून गाजलेल्या फेनिलइथिलअमाइनचीही तीच गत. शरीरातील विकरे मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच त्याचे विघटन करतात.

प्रत्यक्ष माणसांवरील अभ्यास काय सांगतात? ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ निरोगी मध्यमवयीन व्यक्तींनी महिनाभर कोकोतील पॉलिफेनॉलयुक्त पेय घेतले. अधिक मात्रा घेणाऱ्यांनी शांतता व समाधान वाढल्याचे नोंदवले. दक्षिण कोरियातील २०२२ च्या अभ्यासात ४८ तरुणांपैकी ज्यांनी तीन आठवडे रोज ८५ टक्के कोकोचे ३० ग्रॅम चॉकलेट खाल्ले, त्यांच्यातील नकारात्मक भावना कमी झाल्या. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटने तसा परिणाम दिसला नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि दोन्हींतील माणसे निरोगी होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

लंडनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील १३,६२६ प्रौढांच्या नोंदी तपासल्या. डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत नैराश्याच्या लक्षणांची शक्यता ७० टक्के कमी दिसली आणि हा आकडा मथळ्यांत झळकला. परंतु ही एका वेळची पाहणी होती. चॉकलेटमुळे माणसे प्रसन्न राहिली, की नैराश्यात खाण्यावरची वासनाच उडते म्हणून खिन्न माणसांनी चॉकलेट खाल्ले नाही, याचे उत्तर अशा पाहणीतून मिळत नाही.

चवीचा वाटाही विसरता कामा नये. १९९४ मध्ये अमेरिकेतील मायकेनर व रोझिन या संशोधकांनी चॉकलेटची ओढ लागलेल्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या. सर्व द्रव्ये पोटात गेली, तरी ओढ शमली नाही. जिभेवर वितळणे, सुगंध, आठवण यांतून मिळणारा आनंद खराच असतो. फक्त त्याला औषध म्हणता येत नाही.

घरात वापरताना

शक्यतो अल्कली प्रक्रिया न झालेली, साखरविरहित भुकटी घ्यावी. दिवसाला एक-दोन चमचे गरम पाण्यात वा दुधात पुरेसे होतात. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात पुष्कळदा साखरच अधिक असते. चॉकलेट घेताना कोकोची टक्केवारी आणि घटकांची यादी दोन्ही पाहावीत. २०२४ च्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतील पीक घटल्याने न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा दर टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. दर पुढे उतरले. पण कोकोच्या लोण्याऐवजी स्वस्त वनस्पती तेल घातलेली ‘कंपाउंड’ चॉकलेटे बाजारात विपुल आहेत.

काही पथ्येही आहेत. कोको लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी व मुलांनी तो जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी संध्याकाळनंतर तो टाळावा. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच नैराश्यावरील एमएओ-रोधक गटातील औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. काही डार्क चॉकलेटांत शिसे व कॅडमियम हे जड धातू आढळल्याचे अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०२२ मध्ये दाखवून दिले होते, गर्भवतींनी व लहान मुलांनी म्हणूनच अतिरेक करू नये. कुत्र्यांना थिओब्रोमिन पचवता येत नाही. त्यांच्यासाठी चॉकलेट विषच ठरते.

शेवटी मनाच्या उभारीविषयी. दमलेल्या दुपारी एक कप कडू कोको तरतरी देईल, यात शंका नाही. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता हटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतील रस संपला असेल, तर ते आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. कोकोचा कप समोर ठेवून एखादा आपला माणूस मनातले बोलू लागला, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि गरज असल्यास त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.