कलादृष्टी आणि व्यवहारदृष्टी : वेल्हे परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
एकच दृश्य दोन व्यक्ती पाहतात. परंतु दोघांना जे दिसते ते एकच असते असे नाही. पावसाळ्यात तोरण्यावरून उतरणारे धुके वेल्हे परिसरातील शेतकऱ्याला भातलावणीचा आणि पिकावरील रोगाचा विचार करावयास लावते. गुराख्याला हरवलेल्या वाटेची चिंता पडते. चित्रकार मात्र त्याच धुक्यात करड्या रंगाच्या छटा न्याहाळतो. हा भेद माणसामाणसांतील आहे की पाहण्याच्या रीतींतील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलादृष्टीचे स्वरूप :
एडवर्ड बुलो यांनी १९१२ साली 'मानसिक अंतर' ही संकल्पना मांडताना समुद्रावरील धुक्याचेच उदाहरण घेतले होते. प्रवाशाच्या दृष्टीने धुके म्हणजे धोका व विलंब. परंतु व्यावहारिक चिंता क्षणभर बाजूस सारली, की तेच धुके आस्वादाचा विषय होते. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची मीमांसा केली. वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या घटकांतील परस्परसंबंध पाहणे, हे त्या विचाराचे मर्म होय.

प्रायोगिक मानसशास्त्रही याला पूरक आहे. स्टिने फोग्ट व स्वाइन मॅग्नुसेन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्रे पाहणाऱ्यांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या. कलाशिक्षण न घेतलेल्यांची नजर प्रामुख्याने माणसे व ओळखीच्या वस्तू यांवर स्थिरावली. कलावंतांची नजर चित्राच्या रचनेवर आणि इतरांना रिकाम्या वाटणाऱ्या भागांवरही फिरली. म्हणजेच डोळे तेच असले, तरी सरावाने नजरेला वेगळे वळण लागते.

लोकव्यवहारातील कलादृष्टी :
तथापि, कलावंत नसलेल्यास ही दृष्टी नसतेच, असे म्हणता येणार नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवरील खडकाला आरपार पडलेल्या छिद्रास 'नेढे' म्हणतात. नेढे म्हणजे सुईचे छिद्र. तोरण्याची बुधला माची उपड्या बुधल्यासारख्या दिसणाऱ्या सुळक्यावरून ओळखली जाते. डोंगरात सुई आणि तेलाचे भांडे पाहणारी ही दृष्टी रूपकाची, म्हणजे कलेचीच आहे. या नावांना कोणा एका कर्त्याचे नाव जोडलेले नाही. ती घरगुती वस्तूंच्या परिचयातून आली आणि लोकव्यवहारात टिकली.

निष्कर्ष :
ज्याचे वर्षाचे अन्न खाचरात उभे आहे, त्याला धुक्यापासून अंतर राखणे परवडत नाही. ही अरसिकता नव्हे, जगण्याची निकड आहे. म्हणून कलावंत व कलेतर हा भेद जन्मजात मानणे योग्य नाही. ग्रामीण शाळेत एखाद्या मुलास 'चित्रकलेत गती नाही' असे ठरवून बाजूस सारले जाते, तेव्हा त्याच्यातील या दृष्टीला सरावाची संधीच नाकारली जाते. चित्रकलेच्या तासाचे प्रयोजन केवळ चित्रकार घडविणे नसून, उपयोगापलीकडे पाहण्यासाठी थोडी उसंत देणे हे आहे. नेढ्याला नेढे म्हणणाऱ्या समाजातील मुलांना ती उसंत निश्चितच मिळावयास हवी.