चाकरीचा अधिकार कोठवर?

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत नोकरीस लागला, तेव्हां मादक पदार्थांच्या तपासणीसाठीं त्यास लघवीचा नमुना द्यावा लागला. तेथें ही गोष्ट नित्याचीच. परंतु आपण घेत असलेल्या औषधांची यादीहि त्यास कारकुनापुढें वाचावी लागली. त्यांत मनोविकारावरील एक औषध होतें. तें त्यानें आईलाहि सांगितलें नव्हतें. "गुरुजी, मीं अपराध केला नाहीं, मग मला अपराध्यासारखें कां वाटलें?" असें त्यानें पत्रांत विचारलें. त्याचें उत्तर वाचकांपुढेंहि ठेवितों.

तपासणी निष्कारण सुरू झाली नाहीं. ४ जानेवारी १९८७ रोजीं मेरिलंडमधील चेस येथें एक उतारूगाडी मालगाडीच्या इंजिनांवर आदळून १६ माणसें दगावलीं. त्या इंजिनांच्या चालकानें व त्याच्या सहकाऱ्यानें गांजा ओढला होता. पुढें १९८९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, लघवी तपासणें ही माणसाची झडतीच होय. तथापि रेल्वेचा अपघात झाल्यास, विशिष्ट माणसाचा संशय नसतांहि, ती घेतां येईल. उलट, निवडणुकीच्या उमेदवारांनीं अशी परीक्षा द्यावी हा जॉर्जिया संस्थानाचा कायदा त्याच न्यायालयानें १९९७ सालीं रद्द केला. कारण खरा धोका कोणता, हें सरकारास दाखवितां आलें नाहीं. मात्र घटनेचें हें संरक्षण सरकारापुरतें आहे. खासगी मालकास तें बांधीत नाहीं.

शिवाय, गांजाचे अवशेष लघवींत कांहीं दिवस, नित्य सेवन करणाराच्या तर कांहीं आठवडेहि राहतात. म्हणजे आज कामावर हात स्थिर आहे कीं नाहीं, हें ती परीक्षा सांगत नाहीं. सुटीच्या दिवशीं घरीं काय घडलें, तें मात्र सांगते. म्हणूनच १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियांत बहुतेक मालकांस केवळ अशा निरुपद्रवी अवशेषांवरून नोकरी नाकारतां येत नाहीं.

आपल्याकडेहि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क मानिला. २०२२ पासून वैमानिकांची अचानक मादकपरीक्षा होते. तीस कोणताहि सुज्ञ प्रवासी हरकत घेणार नाहीं.

व्यसनाची भलामण मला करावयाची नाहीं. परंतु आमच्या घरांत बारा माणसें नांदतात, तरी एकमेकांच्या पेटीस हात लावण्याची चाल नाहीं. घरास आग लागली तर मात्र कोणाचेंहि दार तोडावें. मालकाचा अधिकारहि इतकाच असावा. आपलीं मुलें नोकरीस निघतील तेव्हां त्यांनीं निःसंकोच विचारावें: तपासणी कशाची, निकाल कोण पाहणार, आणि तो चुकला तर फेरतपासणी होईल काय?

विद्यार्थ्यास मीं लिहिलें, "वेतनानें तुझें काम विकत घेतलें आहे, तुला नव्हे. तुला वाटलेली लाज तुझी नव्हतीच. ती विचारणाऱ्याची होती."