माळवदाखालून लॉनवर

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, तामलवाडीच्या पट्ट्यात लग्न ठरलं की पहिली चौकशी होते ती मंगल कार्यालयाची, नाहीतर लॉनची. दोन-तीन पिढ्यांमागे बड्या घरचं कार्य वाड्यात व्हायचं. चौकात मांडव, ढाळजेत पाहुण्यांची ऊठबस, परसात चुली आणि वर माळवदावर पोराबाळांची गर्दी. वाडा देशमुखांचा, नाहीतर पाटलांचा. पंगतीला कोण बसणार आणि दाराबाहेर कोण थांबणार, हे जात ठरवायची. वाड्यांच्या आठवणी काढताना हे आपण सोयीस्कर विसरतो.

हे जग दोन धक्क्यांनी मोडलं. पहिला १९४८चा. निजामी राजवट संपली, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, मागोमाग इनामं गेली आणि कूळकायदा आला. उत्पन्न आटलं, वाटण्या झाल्या आणि एकाच वाड्यात भावाभावांच्या वेगळ्या चुली पेटल्या. दुसरा धक्का खराखुरा, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाचा. किल्लारी-सास्तूरकडे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तामलवाडी तिथून लांब. पण दगडमातीच्या घराची धास्ती जिल्हाभर बसली. ज्या छपराखाली निजायची भीती, तिथे वऱ्हाड कोण उतरवणार?

गंमत अशी, की पुढच्या काही वर्षांत पुण्याकडे वाड्याला भाव आला. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची १७१०ची गढी २००७मध्ये ‘जाधवगड’ हॉटेल झाली. तिथे तुतारीच्या थाटात लग्नं लागू लागली. पुण्याजवळ गिरीवनात नितीन ढेपे यांनी तर नवाच वाडा जुन्या पद्धतीने बांधला, मुंज-डोहाळजेवणासाठी. सोलापुरात अप्पासाहेब वारदांचं देखणं ‘इंद्रभुवन’ मात्र पुढे महापालिकेचं कार्यालय झालं. तिथे सनई नाही, फायली आहेत. पण इमारत टिकली.

२०१९च्या सप्टेंबरात राज्य सरकारने काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याचा विचार केला, तेव्हा गदारोळ उठला. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा करावा लागला. लोकांचा राग रास्त होता; किल्ला सगळ्यांचा. खासगी वाड्याला तो न्याय लावण्यात मात्र अर्थ नाही. भाडं घेऊन दार उघडलं तर जात विचारली जात नाही, खिसा तेवढा विचारला जातो. तीही अडवणूकच, पण वाडा पडू देण्यापेक्षा बरी.

आपल्याकडे कुणाचा वाडा अजून उभा असेल आणि तो कार्याला द्यायचं मनात असेल, तर फुलांच्या माळांआधी माळवदावरची माती, तुळया आणि भिंतींचे सांधे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्या. आणि पहिल्या हंगामाचं भाडं त्या दुरुस्तीतच घाला.